देवासचे खासगी चिटणीस : ई. एम. फॉर्स्टर यांचे न सांगितलेले आयुष्य

देवास म्हटले की मराठी रसिकाला प्रथम आठवतात ते पंडित कुमार गंधर्व. क्षयाने खंगलेले कुमारजी १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेत विसावले, येथेच त्यांचा आवाज त्यांना परत मिळाला आणि १९९२ साली येथेच त्यांनी देह ठेवला. ज्या टेकडीच्या आसऱ्याने त्यांचे हे दुसरे आयुष्य गेले, त्याच टेकडीच्या नावाने इंग्रजी साहित्यातही एक पुस्तक आहे. 'द हिल ऑफ देवी' हे ते पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले, हे सर्वज्ञात आहे. मात्र हा लेखक एका मराठा संस्थानात महाराजांचा खासगी चिटणीस होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. आणि त्या नोकरीच्या काळात त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे गुपित एका मराठा राजाने ऐकून घेतले व पोटात ठेवले, हे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक आहे.

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वास्तुविशारद होते. मुलाचे दुसरे वर्ष पुरते व्हायच्या आधी, १८८० साली, क्षयाने त्यांचा बळी घेतला. तरुण वयात वैधव्य आलेल्या लिली या मातेने एकुलत्या एका मुलाभोवती आपले सारे जग उभे केले. आठव्या वर्षी मॉर्गनला मेरिअन थॉर्नटन या आत्याआजीकडून ८,००० पौंडांचा वारसा मिळाला. त्यावर त्याचे शिक्षण झाले आणि पुढे पोटासाठी नोकरी न करता लेखन करण्याची मोकळीकही मिळाली. पैशाची विवंचना नव्हती. विवंचना होती ती आईची. मायलेकांचे घर पासष्टीपर्यंत एकच राहिले, आणि त्या घरात एक विषय कधीही निघू शकला नाही. आपल्याला स्त्रियांविषयी आकर्षण वाटत नाही, प्रेम वाटते ते पुरुषांविषयी, हे मॉर्गनला तारुण्यातच उमगले होते. आईला ते कळले तर काय होईल या भीतीने त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दोन वेगळ्या दालनांत काढला.

ही भीती केवळ कौटुंबिक नव्हती. फॉर्स्टर सहा वर्षांचे असताना, १८८५ साली, इंग्लंडमध्ये पुरुषांमधील कोणत्याही लैंगिक जवळिकीला तुरुंगवासाची शिक्षा ठरवणारा कायदा झाला. ते सोळा वर्षांचे असताना, १८९५ साली, याच कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. प्रसिद्धीच्या शिखरावर असलेला नाटककार एका उन्हाळ्यात कैदी झाला, त्याची पत्नी मुलांसह परदेशी निघून गेली आणि मुलांचे आडनावही बदलले. शाळकरी वयातील मुलांच्या एका संपूर्ण पिढीला त्या खटल्याने गप्प राहण्याचा धडा दिला. हिंदुस्थानातही ब्रिटिशांनी आधीच, १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३७७ घालून ठेवले होते. म्हणजे लंडन असो वा मुंबई, साम्राज्याच्या कोणत्याही बंदरावर उतरले तरी भीती सोबत होतीच.

१८९७ ते १९०१ ही केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील वर्षे फॉर्स्टर यांच्यासाठी मोकळ्या श्वासाची ठरली. मैत्रीविषयी, सौंदर्याविषयी, धर्माविषयी तेथे निःसंकोच बोलता येत असे. मात्र बोलणे आणि जगणे यांत अंतर होतेच. १९०५ ते १९१० या पाच वर्षांत त्यांच्या चार कादंबऱ्या आल्या आणि 'हॉवर्ड्स एंड'नंतर तर ते इंग्रजीतील आघाडीचे कादंबरीकार गणले जाऊ लागले. त्या सर्व कादंबऱ्यांत स्त्री-पुरुषांची प्रेमे होती, लग्ने होती. स्वतःला न जाणवलेल्या भावनेचे चित्रण किती दिवस करायचे, हा कंटाळा त्यांनी याच सुमारास आपल्या खासगी रोजनिशीत नोंदवून ठेवला.

हिंदुस्थानाशी त्यांचे नाते जडले ते एका शिकवणीमुळे. १९०६ साली सय्यद रॉस मसूद नावाचा सतरा वर्षांचा देखणा, उमदा विद्यार्थी त्यांच्याकडे लॅटिन शिकण्यासाठी आला. अलिगढचे महाविद्यालय स्थापन करणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांचा हा नातू. लॅटिन फारसे पुढे गेले नाही, मैत्री मात्र आयुष्यभराची झाली. मसूदच्या बोलण्यात उर्दू काव्यातील मैत्रीची ऊब होती, पत्रांत जिव्हाळ्याचा पूर होता. इंग्रजी संयमात वाढलेल्या फॉर्स्टर यांना त्या भाषेने भारून टाकले. काही वर्षांनी धीर करून त्यांनी आपले प्रेम मसूदपाशी बोलून दाखवले. मसूदने ते झिडकारले नाही आणि स्वीकारलेही नाही. त्याची ओढ स्त्रियांकडे होती. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली. एकतर्फी प्रेमाचे हे दुःख फॉर्स्टर यांनी मैत्रीत मुरवून घेतले. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते पहिल्यांदा हिंदुस्थानला निघाले, ते मुख्यतः मसूदच्या ओढीने.

याच प्रवासात ते देवासला पोहोचले. केंब्रिजचे त्यांचे मित्र माल्कम डार्लिंग हे सनदी अधिकारी पूर्वी देवासच्या तरुण राजाचे शिक्षक होते. त्यांनीच ही ओळख करून दिली. देवास हे त्या काळीही एक अजब प्रकरण होते. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्यात उतरलेल्या पवार घराण्याने धार आणि देवास येथे आपापली राज्ये उभी केली. धारचे पवार आणि देवासचे पवार एकाच मराठा कुळातले. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी गादी स्थापन केली आणि पुढे तिच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. गाव एक, पण राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. गावातील हद्दी रस्त्यांवरून आणि घरांमधून जात. माथ्यावर मात्र सर्वांची एकच टेकडी आणि टेकडीवर देवी.

थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव पवार त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते. चणीने लहान, बुद्धीने तल्लख, बोलण्यात मिश्कील आणि वृत्तीने कृष्णभक्त. १९०८ साली त्यांचा विवाह कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला होता. १९१० साली त्यांना विक्रमसिंह हा पुत्र झाला. मराठा संस्थानांत या सोयरिकीला मोठी प्रतिष्ठा होती. परंतु काही वर्षांतच संसार विस्कटला, अक्कासाहेब माहेरी कोल्हापूरला परतल्या आणि दोन्ही दरबारांत वितुष्ट आले. राजघराण्यातील मोडलेला संसार ही खासगी बाब राहत नाही. त्यात मानपान येतो, वारसाहक्क येतो आणि इंग्रज पोलिटिकल खात्याची नजरही येते. घरातून मिळालेल्या दुराव्याचे ओझे काय असते, हे तुकोजीरावांना चांगलेच ठाऊक होते. पुढे फॉर्स्टर यांच्याशी त्यांचे जे सूत जमले, त्यामागे ही जाणीवही असावी.

इंग्लंडला परतल्यावर, १९१३ साली, फॉर्स्टर एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताला भेटले. कार्पेंटर एका कामगार वर्गातील जोडीदारासोबत खेड्यात उघडपणे राहत होते. अशा प्रकारचे घर असू शकते, हे फॉर्स्टर यांनी प्रथमच पाहिले. त्या भेटीतून 'मॉरिस' ही कादंबरी जन्मली. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा त्यांनी सुखान्त लिहिली, आणि नेमका तोच तिचा गुन्हा ठरला असता. प्रेमिकांनी शेवटी आत्महत्या केली असती किंवा ते तुरुंगात गेले असते, तर एखादा प्रकाशक कदाचित तयारही झाला असता. सुखी झालेली जोडी कायद्याला आणि समाजाला मानवणारी नव्हती. हस्तलिखित कपाटात गेले. पुढची सत्तावन्न वर्षे ते निवडक मित्रांच्या हातूनच फिरत राहिले. आईने ते कधी वाचले नाही.

पहिल्या महायुद्धात फॉर्स्टर रेड क्रॉसच्या कामासाठी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे गेले. तेथील ट्रामवर मोहम्मद अल अदल नावाचा तरुण कंडक्टर होता. त्याच्याशी त्यांची मैत्री झाली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांना प्रथमच परस्परांच्या संमतीचे, परस्परांच्या ओढीचे प्रेम लाभले. अडचणी उघड होत्या. एक राज्यकर्त्यांच्या जातीचा लेखक, दुसरा त्यांच्या अमलाखालील गरीब कामगार. कोणी पाहिले तर शिक्षा दोघांना सारखी होणार नाही, हे दोघेही जाणून होते. मोहम्मदने पुढे लग्न केले आणि आपल्या मुलाचे नाव मॉर्गन ठेवले. १९१९ साली फॉर्स्टर इंग्लंडला परतले, आणि त्याच वर्षी इजिप्तमधील इंग्रजविरोधी उठावाच्या धामधुमीत मोहम्मदला तुरुंगवास भोगावा लागला. आपल्याच देशबांधवांच्या न्यायाबद्दल फॉर्स्टर यांच्या मनात उरलासुरला विश्वासही त्या घटनेने डळमळला.

अशा मनःस्थितीत १९२१ साली देवासहून बोलावणे आले. महाराजांचे खासगी चिटणीस असलेले इंग्रज अधिकारी रजेवर जाणार होते. त्यांच्या जागी काही महिने काम करावे, अशी ती विचारणा होती. एव्हाना तुकोजीरावांना महाराजा ही पदवी मिळाली होती, नवा राजवाडा बांधायला काढला होता आणि तिजोरी रिकामी होत चालली होती. बेचाळीस वर्षांचे फॉर्स्टर मार्चमध्ये निघाले. बागा, मोटारी, पाहुण्यांचे निवासस्थान, वीजघर अशी नाना खाती त्यांच्याकडे आली. यांपैकी कशाचाही त्यांना अनुभव नव्हता. अर्धवट बांधलेल्या इमारती, न येणारे पाणी, कागदावरच राहणारे हुकूम आणि दरबारातील रुसवेफुगवे यांतून ते कसाबसा मार्ग काढत राहिले. या गोंधळावर ते वैतागले, हसलेही. पण महाराजांवरचा त्यांचा लोभ वाढतच गेला.

माळव्यातील त्या उन्हाळ्यात एकाकीपणा त्यांना असह्य झाला. राजवाड्यावर काम करणाऱ्या एका मजूर तरुणाकडे ते ओढले गेले, आणि काही घडण्याआधीच दरबारात कुजबुज सुरू झाली आहे असा त्यांना संशय आला. राजवाड्याच्या भिंतींना कान असतात, आणि खासगी चिटणिसाची चूक ही महाराजांचीच नाचक्की ठरली असती. इंदूरला बसलेले इंग्रज अधिकारी देवासच्या कारभारावर आधीच नाराज होते. तेव्हा फॉर्स्टर यांनी जे आईपाशी कधी केले नव्हते, ते महाराजांपाशी केले. त्यांनी सारे सांगून टाकले आणि नोकरी सोडून जाण्याची तयारी दाखवली.

तुकोजीरावांची प्रतिक्रिया त्यांच्या कल्पनेपलीकडची होती. महाराजांना कोणतीही कुजबुज ऐकू आलेली नव्हती. त्यांनी शांतपणे विचारपूस केली. पुरुषच का, स्त्री का नाही, असे त्यांना कोडे पडले. स्त्रियांविषयी आपल्याला तशी भावनाच नाही, असे फॉर्स्टर यांनी सांगताच महाराजांचा प्रश्न मिटला. मग यात दोष तो कसला, अशी त्यांची भूमिका झाली. त्यांनी धर्माचा दाखला काढला नाही, घृणा दाखवली नाही, मैत्रीत तसूभरही अंतर पडू दिले नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वर्तुळाबाहेरच्या, पारंपरिक वृत्तीच्या, देवघरात तासन्‌तास रमणाऱ्या एका हिंदू राजाने हे समजून घ्यावे, याचे फॉर्स्टर यांना आयुष्यभर नवल आणि कृतज्ञता वाटत राहिली.

परंतु महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रश्न सुटावा म्हणून त्यांनी राजाला सुचेल तसा उपाय काढला. राजवाड्यातील कनैया नावाच्या एका तरुण न्हाव्याने दाढी करण्याच्या निमित्ताने फॉर्स्टर यांच्याकडे जावे, अशी व्यवस्था झाली. या कथेचा सुखद भाग येथे संपतो. कनैयाला हे मनापासून हवे होते का, हे विचारण्याची पद्धत त्या दरबारात नव्हती, आणि नाही म्हणण्याची सोय न्हाव्याच्या पोराला नव्हती. त्याने त्यातून मिळेल तो लाभ घेण्याचा प्रयत्न केला. बाहेर बोलला, मग थेट महाराजांचीच मर्जी संपादन करू पाहिली. गुपित फुटण्याच्या भीतीने फॉर्स्टर संतापले आणि त्यांनी त्याच्यावर हात उगारला. नंतरच्या भेटींत प्रेम नव्हते, जिव्हाळा नव्हता. आपल्यातच एक क्रौर्य जागे होत असल्याचे त्यांना जाणवले. मालकाने गुलामाला वागवावे तसे आपण वागलो, याची लाज त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. ज्या साम्राज्याच्या मग्रुरीवर ते कादंबरी लिहीत होते, ती मग्रुरी त्यांना स्वतःच्याच खोलीत भेटली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देवासला गोकुळाष्टमीचा उत्सव झाला. जुन्या राजवाड्यात आठ-दहा दिवस भजन, कीर्तन, टाळ-मृदंग, गुलाल आणि फुलांची आरास चालली होती. महाराज राजवस्त्रे बाजूला ठेवून अनवाणी नाचत होते, तुकोबांच्या नावाचा गजर होत होता. फॉर्स्टर यांनीही बूट काढले, देशी पोशाख घातला आणि त्या गर्दीत ते मिसळले. आरास त्यांच्या इंग्रज नजरेला भडक वाटली, गोंगाटाने डोके उठले; तरी त्या सोहळ्यात कोणालाच वगळले जात नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतली. 'अ पॅसेज टू इंडिया'चा शेवटचा भाग थेट या उत्सवातून आला आहे. त्यातील प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण आणि तुकारामांच्या नावाने चाललेले ते भजन यांचे मूळ देवासच्या मराठी दरबारात आहे. जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासल्या जाणाऱ्या या इंग्रजी कादंबरीत तुकोबांचे नाव घुमते, ते या टेकडीच्या पायथ्याशी ऐकलेल्या गजरामुळे.

देवास सोडल्यावर ते हैदराबादला मसूदकडे राहिले. मसूद तेव्हा निजामाच्या राज्यात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईहून परतताना ते इजिप्तमध्ये उतरले, तेव्हा मोहम्मद क्षयाने शेवटच्या घटका मोजत होता. काही महिन्यांत तो गेला. ही बातमी घरात कोणाला सांगता येण्याजोगी नव्हती. ज्याचे नाव आईपुढे कधी घेतले नव्हते, त्याचे सुतक कसे पाळायचे? फॉर्स्टर यांनी मेलेल्या मित्राला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहायला घेतले आणि ते पुढे अनेक वर्षे अधूनमधून लिहीत राहिले. देवासला सोबत नेलेली आणि तेथे एक ओळही पुढे न सरकलेली कादंबरी त्यांनी पुन्हा हाती घेतली. १९२४ साली ती प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिकेत मसूद यांचे नाव होते. त्यानंतर ते आणखी सेहेचाळीस वर्षे जगले, निबंध लिहिले, भाषणे केली, पण कादंबरी पुन्हा लिहिली नाही. जे लिहायचे होते ते छापता येत नव्हते, आणि जे छापता येत होते ते लिहिण्याची इच्छा उरली नव्हती.

इकडे देवासमध्ये तुकोजीरावांच्या घरावर मोठे संकट आले. १९२७ सालच्या अखेरीस युवराज विक्रमसिंह वडिलांचे राज्य सोडून इंदूरला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. वडिलांकडून आपल्या जिवाला धोका आहे, असा त्यांचा आरोप होता. बापलेकांतील या भेगेने महाराजांची उरलीसुरली पत गेली. कर्ज वाढत गेले, सरकारचा दबाव वाढत गेला. १९३३ च्या अखेरीस ते तीर्थयात्रेच्या निमित्ताने निघाले आणि पाँडिचेरीला जाऊन राहिले. पाँडिचेरी फ्रेंचांच्या ताब्यात असल्याने तेथे इंग्रजांचा हात पोहोचत नव्हता. पोर्तुगीज अमलातील गोव्याने असे अनेक आश्रित पाहिले आहेत. गोमंतकीय वाचकाला ती सोय समजावून सांगायला नको. डिसेंबर १९३७ मध्ये तुकोजीराव तेथेच, परमुलखात, निवर्तले. त्याच वर्षी जुलैत भोपाळला मसूद यांचाही मृत्यू झाला होता. फॉर्स्टर यांना हिंदुस्थानाशी बांधणारे दोन्ही धागे एकाच वर्षी तुटले. वडिलांपासून दुरावलेले विक्रमसिंह आधी देवासच्या गादीवर बसले आणि १९४७ साली कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी महाराज झाले. ज्या आजोळी त्यांची आई परतली होती, त्याच घराण्याचे ते छत्रपती झाले.

फॉर्स्टर यांच्या उत्तरायुष्यात स्थैर्य आले ते एका पोलिस शिपायामुळे. १९३० साली त्यांची लंडनच्या पोलिस दलातील बॉब बकिंगहॅम यांच्याशी ओळख झाली. ज्या कायद्याची अंमलबजावणी हे पोलिसांचे काम होते, त्या कायद्याने गुन्हा ठरवलेले हे प्रेम होते. १९३२ साली बॉब यांनी मे नावाच्या परिचारिकेशी लग्न केले. आरंभी मे आणि फॉर्स्टर यांच्यात चढाओढ होती. हळूहळू ती निवळली आणि तिघांचे एक आगळे कुटुंब तयार झाले. त्या दांपत्याच्या मुलाच्या नावातही मॉर्गन आले. दोन देशांतील दोन घरांनी त्यांचे नाव आपल्या मुलाला दिले. स्वतःच्या घरात मात्र ते सदैव आईचा अविवाहित, जरा विक्षिप्त मुलगाच राहिले. मार्च १९४५ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. तिच्यावर त्यांचे अपार प्रेम होते, आणि तिच्या हयातीत आपण खऱ्या अर्थाने मोठे होऊ शकलो नाही ही खंतही होती. त्याच वर्षी ते लेखकांच्या संमेलनासाठी जयपूरला आले. ती त्यांची हिंदुस्थानची तिसरी आणि अखेरची भेट.

'द हिल ऑफ देवी' त्यांनी प्रसिद्ध केले, तेव्हा तुकोजीरावांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. इंग्रजी सरकारी दप्तरांत महाराजांची नोंद उधळ्या आणि बेजबाबदार राजा म्हणून उरली होती. मित्राची बाजू मांडावी, त्याच्यातील संत आणि माणूस लोकांना दिसावा, हा पुस्तकाचा हेतू होता. देवासहून आईला व इतर आप्तांना लिहिलेली पत्रे त्यांनी त्यात एकत्र केली. साहजिकच त्या पत्रांत जे आईला सांगता येईल तेवढेच होते. महाराजांच्या थोरपणाचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे त्यांनी ऐकून घेतलेली ती कबुली, आणि नेमकी तीच पुस्तकातून वगळावी लागली. १९५३ साली तसे लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे होते. त्या काळात इंग्लंडमध्ये अशा खटल्यांची लाट आली होती. नामवंत गणिती ॲलन ट्युरिंग यांना १९५२ साली याच कायद्याखाली शिक्षा झाली होती. मित्राचे ऋण फेडण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ऋणाचे कारणच सांगता आले नाही.

७ जून १९७० रोजी, वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी, कॉव्हेंट्री येथे बॉब आणि मे यांच्या घरी फॉर्स्टर यांनी अखेरचा श्वास घेतला. शुश्रूषेला मे होत्या. तोपर्यंत इंग्लंडमध्ये १९६७ चा कायदा होऊन प्रौढांमधील खासगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले होते. पुढच्याच वर्षी 'मॉरिस' छापली गेली. देवासची हकिकत मात्र त्यांनी मित्रांसाठी लिहून ठेवलेल्या टिपणातून हळूहळू बाहेर आली. चरित्रकारांनी तिचा उल्लेख केला आणि १९८३ साली 'द हिल ऑफ देवी'च्या संपादित आवृत्तीत ते टिपण समाविष्ट झाले. त्याचे शीर्षक त्या न्हाव्याचेच नाव आहे. भारतात मात्र साम्राज्याने घातलेले कलम स्वातंत्र्यानंतरही सात दशके टिकले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले.

कायदा बदलला तरी घर बदलतेच असे नाही. आजही अनेक तरुण फॉर्स्टर यांच्याप्रमाणे दोन दालनांत जगतात. मित्रांना ठाऊक असते, आई-वडिलांना नसते; किंवा त्यांना सांगितल्यानंतर घराचे दार बंद झालेले असते. लग्नाची बोलणी, चार लोकांतील चर्चा, घराण्याचे नाव या शब्दांचे वजन शंभर वर्षांत फारसे घटलेले नाही. फॉर्स्टर यांच्याजवळ पैसा होता, कीर्ती होती, मित्रांचे मोठे वर्तुळ होते. तरीही वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत त्यांना घरात मनातले बोलता आले नाही. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नाही, त्यांची कोंडी किती मोठी असेल, हे यावरून समजून घेता येते.

देवासच्या कथेत म्हणूनच दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. एका राजाने एका परदेशी मित्राचे बोलणे दोष न लावता ऐकले. ज्याच्या स्वतःच्या घरात पत्नी आणि पुत्र टिकले नाहीत, त्याने परक्याला आपलेपणा दिला. आणि त्याच वाड्यात, त्याच उन्हाळ्यात, एका न्हाव्याच्या इच्छेचा विचार कोणी केला नाही. महाराजांची बाजू फॉर्स्टर यांनी मांडली, फॉर्स्टर यांची बाजू त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांनी मांडली. कनैयाने काहीच लिहून ठेवले नाही. त्याचे पुढे काय झाले, घरच्यांनी त्याला कसे वागवले, गावाने काय म्हटले, याची नोंद थोरल्या पातीच्या दप्तरात नाही आणि धाकट्या पातीच्याही नाही.